मेंदूच्या गाठीनंतर मुलाचे पुनर्वसन: चोपड्याच्या एका वडिलांना उत्तर

चोपडा तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. सहा-सात महिन्यांपूर्वी सकाळच्या उलट्या आणि डोकेदुखी सुरू झाली, तपासणीत लहान मेंदूत कर्करोगाची गाठ निघाली, तिचे नाव मेडुलोब्लास्टोमा. मुंबईत ऑपरेशन झाले, रेडिएशनच्या ३० खेपा झाल्या, आता केमो चालू आहे. मुलगा झोकांड्या खात चालतो, हात थरथरतो, शब्द ओढून ओढून बोलतो आणि दुपारी बारा वाजले की आडवा होतो. डिस्चार्जच्या कागदावर 'रिहॅब' असे लिहिले आहे. घरातले म्हणतात, केमो संपेपर्यंत पोराला पडू द्या. वडील विचारतात: रिहॅब म्हणजे नेमके काय, ते खान्देशात कुठे मिळेल, आणि किती दिवसांत पोरगा पूर्वीसारखा होईल?

भाऊ, मी जळगावात २२ वर्षे लहान मुलांची फिजिओथेरपी करते. तुमच्या मुलासारखी बरीच मुले पाहिली. रिहॅब म्हणजे पुनर्वसन: चालणे, हात, बोलणे, ऐकणे, अभ्यास, जे जे मागे पडले त्यावर काम. तुमचा भर चालण्यावर आहे आणि त्याचे उत्तर मी देतेच. पण चाल सगळ्या गावाला दिसते म्हणून तिच्यावर काम होते. ऐकणे, लक्ष लागणे, थकवा, उंची या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि माझ्या अनुभवात मुले मागे पडतात ती तिथेच. म्हणून उत्तर लांब होणार आहे. सावकाश वाचा, त्याच्या आईलाही वाचून दाखवा.

आधी केमोचे. केमो संपेपर्यंत पडू द्यायचे नाही. केमो वर्षभर चालू शकते आणि आठ वर्षांचे पोर वर्षभर खाटेवर राहिले तर पोटऱ्या आखडतात, मांड्या सुकतात, मग निम्मा वेळ ते परत आणण्यातच जातो. त्याला बहुतेक व्हिन्क्रिस्टिन हे औषध चालू असेल. त्याने पायाच्या नसा दुबळ्या होतात, पंजा खाली लोंबतो आणि चालताना बोटे जमिनीला घासतात. चपलेच्या पुढच्या टोकाकडे बघा, तिथे ती जास्त झिजली असेल तर हेच आहे. रोज पंजा वर ओढून पोटरी ताणायची, आणि गरज असेल तर रात्री व चालताना पायात प्लास्टिकचा हलका स्प्लिंट, म्हणजे पंजा धरून ठेवणारा आधार, घालायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्प्लिंटखाली घाम साचून कातडी सोलते. आत सुती मोजा घाला आणि दर दोन तासांनी काढून कातडी बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट बदलून घ्यायला लागेल.

व्यायाम थांबवायची वेळ कोणती, हे रक्ताच्या रिपोर्टवर ठरते. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ५०,००० च्या खाली असतील तर जोर लावायचे, वजन उचलायचे व्यायाम बंद. २०,००० च्या खाली असतील तर अंथरुणावर हलक्या हाताने सांधे हलवण्यापलीकडे काही नाही. आकडा मुंबईच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. ताप १००.४ च्या वर गेला तर व्यायाम राहू द्या, गावातली गोळी देऊन रात्र काढू नका, त्याच तासाला केमोवाल्या डॉक्टरांना फोन लावा.

दोन गोष्टी हात जोडून सांगते. मानेची आणि डोक्याच्या मागच्या बाजूची मालीश कुणाकडूनही करून घ्यायची नाही. तिथले हाड उघडून ऑपरेशन झाले आहे. आणि पायाला शेक द्यायचा नाही. माझ्याकडे एक मुलगा आला होता, आजीने मायेने गरम विटेला फडके गुंडाळून तळपायाला शेकले होते. व्हिन्क्रिस्टिनने पाय बधीर असल्यामुळे पोराला चटका कळलाच नाही. फोड आला, त्यात केमोने पांढऱ्या पेशी कमी, जखम भरायला दीड महिना गेला आणि तेवढे दिवस चालण्याचे काम बंद पडले.

आता झोकांड्या. लहान मेंदू म्हणजे शरीराचा तोल आणि मोजमाप. पेल्याकडे हात किती न्यायचा, पाय किती उचलायचा, शब्दाला किती श्वास लावायचा, हे तो ठरवतो. ताकद असूनही मूल पडते ते यामुळे. पायांची कसरत करून घेतली की तो चालेल, असा सगळ्यांचा समज असतो. मी सुरुवात कमरेपासून आणि पाठीपासून करते. पाठ टेकवायला काही नसलेल्या स्टुलावर बसवायचे, पाय जमिनीला टेकलेले, आणि समोरच्या टोपलीत डाव्या-उजव्या हाताने वस्तू टाकायला लावायच्या. मग गुडघ्यांवर उभे राहून तेच. मग ओट्याला धरून उभे राहून तेच. अंगणात दोन बांबू समांतर बांधा, त्याच्या कमरेच्या उंचीला, त्यामध्ये चालवा. सपाट जमिनीवर जमले की शेताच्या बांधावर, मग नांगरलेल्या मऊ जमिनीवर, मग उतारावर, आणि कुणीतरी नेहमी मागे हाताच्या अंतरावर. दिवसाला एकदम एक तास नको. दहा-दहा मिनिटे चार वेळा करा.

हातासाठी घरातलीच कामे सर्वांत चांगली. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, तुरीच्या ओल्या शेंगा सोलणे, भाकरीचे पीठ मळणे. कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे, पीठ चिकट असते, त्याला हाताचा जोर चांगला लागतो. ताटाखाली ओला रुमाल ठेवा म्हणजे ताट सरकत नाही. हलक्या प्लास्टिकच्या वाटीऐवजी जड बुडाची काशाची किंवा स्टीलची वाटी द्या. पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड करा. कोपर टेबलावर टेकवून जेवायला शिकवा, थरथर निम्मी होते. भरवणे मात्र हळूहळू बंद करा. सांडू दे. आईला हे सगळ्यात अवघड जाते, मला माहीत आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला झोका चालेल का, हे मला प्रत्येक घर विचारते. सर्जनने परवानगी दिली असेल, टाके भरले असतील आणि प्लेटलेट ठीक असतील तर जमिनीपासून हातभर उंच, मागे पाठीला आधार असलेला झोका, आणि झुलवणारे एक मोठे माणूस. तोलाच्या मेंदूला तो व्यायामच आहे, आणि मोठ्या भावंडांबरोबर त्याला सणाला बसायला मिळते.

बोलण्याकडे येते. लहान मेंदूच्या मधल्या भागातली गाठ काढल्यावर काही मुले एक-दोन दिवसांनी बोलायचीच थांबतात. मेडुलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाला असे होते. मूल चिडचिडे होते, अंग सैल पडते, नजर देत नाही, आणि घरच्यांना वाटते ऑपरेशनमध्ये वाचा गेली. वाचा परत येते, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. पण येते ती अशी ओढलेली, एका सुरातली. तुमच्या मुलाच्या बोलण्याबद्दल वाचून मला तीच शंका येते. कागदांमध्ये 'पोस्टेरिअर फोसा सिंड्रोम' किंवा 'सेरेबेलर म्युटिझम' असे शब्द आहेत का बघा. असतील तर ती तुमची चूक नव्हे, मुलाचा हट्ट नव्हे, आणि त्यावर स्पीच थेरपी लागते.

इथे खान्देशातली एक गोष्ट सांगते. एका मुलीची गाठ साधी होती, रेडिएशन लागले नाही, ती तीन आठवड्यांत घरी आली पण एक शब्द बोलत नव्हती. माझ्याकडे पाचवा आठवडा चालू होता. मी शुद्ध मराठीत चित्रे दाखवून विचारायचे, ती भिंतीकडे बघायची. तिची आजी कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. आजीने मान न उचलताच विचारले, "भूक लागनी का?" आणि पोरीने अर्ध्या श्वासात म्हटले, "लागनी." आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या दिवसापासून मी अहिराणीत काम करते. नंदुरबारकडच्या मुलांसाठी आई-वडिलांना सांगते की घरी पावरी किंवा भिली बोलत असाल तर त्याच भाषेत सराव करा. मुंबईत तपासणी हिंदीत किंवा पुस्तकी मराठीत होते आणि 'समजत नाही' असा शेरा पडतो. तिथल्या थेरपिस्टला स्पष्ट सांगा की घरची भाषा अहिराणी आहे. मूल एकेक शब्द जुळवत असेल तेव्हा त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. मनात पाच आकडे मोजा आणि थांबा.

गिळण्याकडेही लक्ष द्या. पाणी पिताना ठसका लागतो, पाणी प्यायल्यावर आवाज ओला, गुळगुळीत येतो, जेवण अर्ध्या तासाच्या वर चालते, असे असेल तर पाणी श्वासनलिकेत जात असेल आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पातळ पाण्यापेक्षा घट्ट वरण किंवा मऊ खिचडी सोपी जाते. ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, लहान घोट. झोपवून काही पाजू नका.

आता न दिसणाऱ्या गोष्टी. केमोत सिस्प्लॅटिन हे औषध असेल तर पहिले काम कानाची तपासणी. सिस्प्लॅटिनने बारीक, तीक्ष्ण आवाज आधी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. घरच्यांना कळत नाही कारण मूल हाक मारली की वळते, ट्रॅक्टरचा आवाज ऐकते. पण स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. 'साखर' त्याला 'आखर' ऐकू येते. वर्गात पंखा चालू, चाळीस मुले कुजबुजताहेत, बाई फळ्याकडे तोंड करून बोलताहेत, आणि पोरगा 'लक्ष देत नाही' म्हणून मार खातो. ऑडिओमेट्री, म्हणजे ही कानाची तपासणी, सिस्प्लॅटिनच्या प्रत्येक फेरीच्या आधी करून घ्या, आणि उपचार संपल्यावर दरवर्षी. यंत्र लागले तर लावा. लोक काय म्हणतील म्हणून ते पेटीत ठेवलेले मी पाहिले आहे आणि मला त्याचा फार त्रास होतो. आणखी एक: शाळेत सोनोग्राफी, एमआरआयचे रिपोर्ट कुणी वाचत नाही, पण ऑडिओमेट्रीचा आलेख दाखवला की शिक्षक पहिल्या बाकावर बसवतात.

दुपारच्या झोपेबद्दल. रेडिएशन संपल्यावर महिना-दीड महिन्याने मुलांना काही आठवडे खूप झोप येते, मूल दिवसभर पेंगते. ते आपोआप जाते. पण झोपेबरोबर सकाळची उलटी, वाढती डोकेदुखी, डोळे वर न फिरणे किंवा चालणे अचानक बिघडणे असेल, तर मेंदूत पाणी साचले असेल किंवा शंट, म्हणजे ते पाणी काढून देणारी नळी, बसवला असेल तर तो तुंबला असेल. त्यात थांबायचे नाही. रात्री असली तरी सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात जायचे, आणि शंटचा कागद नेहमी पिशवीत ठेवायचा. साधा थकवा असेल तर तो आळस नाही. अवघड काम सकाळी करा, खेळ मध्ये, मग झोप. ज्या दिवशी फिजिओथेरपी त्या दिवशी अभ्यास कमी.

अभ्यासाचे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण याबद्दल पालकांना कुणी आधी सांगत नाही. पूर्ण मेंदूला आणि मणक्याला रेडिएशन मिळालेल्या मुलाचे शिकलेले सहसा पुसले जात नाही. नवे शिकायचा वेग मंदावतो. ऐकलेली चार वाक्ये डोक्यात धरून ठेवणे, फळ्यावरून वहीत उतरवणे, तोंडी हिशेब, एका कामावर वीस मिनिटे टिकणे, हे जड जाते. तिसरीत तो ठीक वाटेल. पाचवीत पुस्तके जाड होतात, शिक्षक वेगळे होतात, आणि फरक दिसू लागतो. तोवर घरचे म्हणतात, 'डोक्याला हवा लागली', 'लाडावला'. दोन्ही खरे नाही. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूच्या कामाची चाचणी घेणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून, बुद्धिमत्ता, स्मरण, लक्ष आणि वेग यांची तपासणी उपचार संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात करून घ्या, आणि पुढे दोन-तीन वर्षांनी पुन्हा. नुसता 'आयक्यू' चा आकडा घेऊन येऊ नका. शाळेसाठी लेखी सूचना मागा: लिखाण कमी, तोंडी परीक्षा, जास्त वेळ, फळ्यावरचे छापील कागदावर.

कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. चालणे, ऐकणे, बुद्धी असे एकाहून जास्त प्रकार असले तर एकत्र टक्केवारी मागा. युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डासमोर जायचे. दहावी-बारावीत अशा विद्यार्थ्याला ताशी २० मिनिटे जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. दहावी दूर आहे, पण कार्ड आता काढले तर तेव्हा धावपळ होत नाही. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात असतात. मुलगा शाळेत जाऊ शकत नसेल तोवर ते घरी येऊन शिकवतात. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून राहते.

उंची आणि हार्मोन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला रेडिएशनचा डोस पोचला की वाढीचे हार्मोन कमी पडते, पुढे थायरॉइडही. मणक्यालाही किरणे मिळालेली असल्याने बसल्या उंचीत वाढ कमी होते. दाराच्या चौकटीवर दर सहा महिन्यांनी खूण करा, तारीख घाला. वर्षात चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, जा. वाढीच्या हार्मोनचे इंजेक्शन कधी द्यायचे, हे कर्करोगतज्ज्ञ आणि ते मिळून ठरवतात, म्हणून गावातल्या कुणाच्या सांगण्यावरून उंची वाढवायचे औषध देऊ नका. डोळ्यांचेही बघा. दोन-दोन दिसतात म्हणून मूल मान वाकडी करते आणि आपण त्याला मानेचा दोष समजतो.

कुठे मिळेल, हा तुमचा खरा प्रश्न. एका छताखाली सगळी टीम असलेली जागा खान्देशात शोधत बसू नका. टीम जोडायची आहे. जळगाव आणि धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा, डोळे आणि बालरोग विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना फिजिओथेरपी, कानाची व बोलण्याची तपासणी मोफत असते, पण कोण कोणत्या वारी बसते ते आधी फोनवर विचारा, नाहीतर चोपड्याहून हेलपाटा होतो. गावाजवळचा फिजिओथेरपिस्ट लहान मुलांचा नसला तरी चालेल, तो आठवड्याला दोनदा हात लावील आणि मुंबईतल्या किंवा माझ्यासारख्या कुणाशी महिन्यातून एकदा फोनवर बोलेल, असे जुळवा. स्पीच थेरपी व्हिडिओ कॉलवर चांगली होते, आई शेजारी बसून शिकते. मोठी तपासणी मुंबईच्या फेरीतच करा. टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळे क्लिनिक आहे. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत स्प्लिंट आणि बूट बनतात. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणयंत्राचे काम होते. एमआरआयची तारीख मिळाली की त्याच आठवड्यात कान, डोळे, हार्मोन यांच्या तारखा मागून घ्या. रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत रेल्वेभाडे पूर्ण माफ, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे, हॉस्पिटलचा फॉर्म भरून ती मिळते.

टीममध्ये दहा माणसे असली तरी एक माणूस सगळ्यांना जोडणारा लागतो. तुमच्या घरात ते तुम्ही किंवा त्याची आई. दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर निदान, ऑपरेशनची तारीख, रेडिएशनचा एकूण डोस आणि कुठे दिला, प्रत्येक केमो औषधाचे नाव आणि मिळालेला डोस, शंट आहे की नाही. हे उपचार संपताना डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. ३० वर्षांनी त्याला थायरॉइडच्या डॉक्टरला हेच पान दाखवावे लागेल. पुढच्या पानांवर प्रत्येक भेटीत कोण काय म्हणाले. मला आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच अशा होत्या की कर्णतज्ज्ञाला सिस्प्लॅटिन माहीत नाही आणि केमोच्या डॉक्टरला ऑडिओमेट्री माहीत नाही. वहीने ते थांबते.

किती दिवसांत पूर्वीसारखा होईल? पहिल्या वर्षात सुधारणा सगळ्यात जास्त दिसते, नंतर ती हळू चालते, पण थांबत नाही. बरीच मुले विनाआधार चालतात, पळताना पाय थोडे फाकलेले राहतात. हाताची थरथर कमी होते, अक्षर मात्र मोठे आणि वाकडे राहू शकते. बोलणे स्पष्ट होते, वेग कमी राहतो. 'पूर्वीसारखा' हा शब्द त्याच्यासमोर काढू नका. तो सारखा ऐकतो की आपण आता चुकीचे आहोत. केमोच्या दिवशी सगळे लाडाने 'बिचारा' म्हणतात, तेही थांबवा. घरातली छोटी कामे त्याच्याकडे ठेवा, गायीला चारा टाकणे, ताटे मांडणे. आणि त्याची बहीण असेल तर तिला आठवड्यातून एक दिवस तुम्ही दोघांपैकी एकाने फक्त तिच्यासाठी द्या. घरात आजार आला की निरोगी मूल गप्प होते.

या आठवड्यात तीन कामे करा. केमोच्या डॉक्टरांकडून व्यायामाची परवानगी आणि प्लेटलेटची मर्यादा लिहून घ्या. ऑडिओमेट्रीची तारीख काढा. मोबाईलवर त्याच्या चालण्याचा एक व्हिडिओ घ्या, समोरून आणि बाजूने, म्हणजे तीन महिन्यांनी शेजारी लावून बघता येईल. जळगावला आलात तर वही आणि चपला दोन्ही घेऊन या, आणि ऑपरेशनच्या आधीची त्याची शाळेची एक वहीसुद्धा. तेव्हाचे अक्षर मला बघायचे आहे.